दोन झेंडे आणि दारामागचा फळा

अण्णाला इस्पितळातून बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या घरी आणलं, तर दारात दोन झेंडे आधीच हजर. माझा थोरला भाऊ गेला हे आम्हा घरच्यांना अजून नीट उमजलंही नव्हतं, पण त्याच्या कारखान्यातल्या दोन युनियनच्या दोन पुढाऱ्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं की तो ‘आपला माणूस’ होता. त्यांची नावं मी लिहिणार नाही. छापून येण्यासाठीच ते जगतात. तेवढं सुख माझ्या हातून त्यांना मिळायला नको. एकाला मोठी मिशी, दुसऱ्याला मोठं पोट. अण्णाही त्यांना एवढ्यावरूनच चितारायचा. ओळखू यावं असं आणखी काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात अण्णा रंगकाम करायचा. अक्षर वळणदार, म्हणून कँटीनच्या फळ्यावर रोजचा बेत लिहायचं काम त्याच्याकडे आलं. चित्रान्न, सांबार लिहून झालं की उरलेल्या जागेत तो खडूने व्यंगचित्र काढी. एका वर्षी दोन्ही युनियननी पगारवाढीसाठी संप केला, पण वेगवेगळ्या आठवड्यांत, कारण दुसऱ्याच्या संपात जाणं म्हणजे म्हणे कमीपणा! एकाची माणसं बाहेर, तेव्हा दुसऱ्याची कामावर. मालकाचं एक यंत्रही थांबलं नाही आणि पगारवाढ बुडाली ती बुडालीच. अण्णाने चित्र काढलं: खुर्चीवर एक कामगार, दोन बाजूंना दोन न्हावी, एक मिशीवाला, एक पोटवाला. दोघांनी अर्धं अर्धं डोकं भादरून संपवलंय, आणि आता नाक कोणाच्या हद्दीत यावरून एकमेकांवर वस्तरे उगारलेत. अख्खं कँटीन खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी ते दोघे जोडीने मॅनेजरच्या खोलीत गेले. पगारासाठी, बोनससाठी, यंत्रात बोटं गमावलेल्या माणसासाठी जे कधी एकत्र गेले नाहीत, ते खडूच्या एका चित्रासाठी गेले. जन्मात एकदाच झालेलं त्यांचं एकमत! फळा उतरला, अण्णाची बदली येलहंक्याच्या गोदामात झाली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये तो शेवटपर्यंत खोक्यांवर नंबर रंगवत राहिला... त्याबद्दल मी त्या दोघांना अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

कँटीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक चित्राची परीक्षा घरी व्हायची. स्वयंपाकघराच्या दारामागे एक लहान फळा होता. अण्णा सकाळी त्यावर काढून बघे, आणि वहिनी हसली तरच ते पास. हसली की तीच ओल्या फडक्याने पुसून टाकी. हसू नाही आलं, तर चित्र तसंच राही. ‘स्वल्प अजून बघते, थांबा,’ फोडणी देता देता ती आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणायची. कँटीनचा फळा गेल्यावरही हा क्रम सुटला नाही. आता चित्रं एकट्या तिच्यासाठी होती, आणि मला विचाराल तर तेव्हाच ती जास्त चांगली उतरली.

तर त्या दिवशी अण्णावर झेंडा कोणाचा घालायचा यावरून दारात जुंपली. मिशीवाला म्हणे, हा आमचा जुना सभासद. पोटवाला म्हणे, मनाने तो आमच्याकडेच होता. माणूस निपचित पडलेला आणि यांची ओढाताण! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी उठली. ‘दोघेही आत या,’ ती कन्नडमध्ये म्हणाली, कॉफीला बोलवावं इतक्या शांतपणे. स्वयंपाकघरात नेऊन तिने दार पुढे ओढलं. फळ्यावर आजारपणात अण्णाने काढलेलं शेवटचं चित्र होतं. एक तिरडी. एका टोकाला मिशी, दुसऱ्या टोकाला पोट, दोघे दोन दिशांना ओढताहेत. मधे अण्णा उठून बसलाय आणि हात जोडून म्हणतोय, ‘मला इथेच उतरवा, मी चालत जातो.’

त्यांना लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. पोटवाला एवढंच म्हणाला, ‘माझं पोट एवढं कुठे आहे?’ मिशीवाला म्हणाला, ‘आहे की.’ पण झेंडे घडी होऊन पिशव्यांत गेले, आणि अण्णा साध्या पांढऱ्या कापडात गेला. पुढे दोघांनी दोन वेगळ्या शोकसभा घेतल्या. दोन्हींत म्हणे त्याच्या चित्रांचं फार कौतुक झालं. आम्ही एकीलाही गेलो नाही.

परवा वहिनीकडे गेले होते. दारामागे तिरडी तशीच होती, खडू जरा विस्कटलेला. फडकं धुऊन खिळ्याला टांगलेलं. मला राहवलं नाही.

‘वहिनी, हे पुसायचं नाही का?’

ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, ‘अजून हसू आलं नाही गं, सुमा... स्वल्प अजून बघते.’