एका परातीतला केक

पालीच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली, तेव्हा आये माझ्या बॅगेत अजून फणसपोळी कोंबत होती. आयर्लंडला नर्सची नोकरी लागली होती, सगळी वाडी निरोपाला आली होती. प्रत्येकाचा एकेक सल्ला होता. आयेने मात्र खिडकीशी येऊन एवढंच सांगितलं, "बाय, कोनी येगल्या कपात चाय दिली तर प्यायची नाय. उठून यायचा."

तिचं लहानपण लोकांच्या आंब्याच्या बागांत मजुरी करण्यात गेलं. तिथे तिच्यासाठी कान तुटलेला एक कप वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतायचे, कप तिने स्वतः धुऊन परत खोचायचा. पुढे वाडीत विहार झाला, दादा कारकून झाला, मी नर्स झाले, पण आये परक्या घरी चहा पीत नाही ती नाहीच.

डब्लिनमध्ये मला कुणी वेगळा कप दिला नाही. घरमालकिणीने पहिल्याच दिवशी स्वतःच्या मगातून चहा दिला. आयेला फोनवर सांगितलं, तर तिचा प्रश्न, "मग धुतला कोनी?" म्हटलं, मशीनने. ती इतकी हसली की फोन वहिनीला घ्यावा लागला.

पुढे लग्न झालं, लेक झाली, तिचं नाव मित्रा ठेवलं. वेगळं भांडं माझ्या घरात आलं ते तिच्यामुळे. ती तीन वर्षांची होईपर्यंत सारखी आजारी असायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, गहू हिला विषासारखा, चपातीचा कणही पोटात जाता कामा नये. शिवाय दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी. तेव्हापासून तिचा तवा वेगळा, टोस्टर वेगळा, चमचे वेगळे. वाढदिवस असो की ख्रिसमसची पार्टी, मित्रा आपला निळ्या झाकणाचा डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात बसून खायची. कुणाचं काही चुकत नव्हतं, तरी मला ते बघवत नसे.

म्हणून एका ख्रिसमसच्या सुट्टीत मी केक शिकायला घेतला. ग्लूटेन फ्री, व्हीगन, कमी साखरेचा. सुरुवातीचे केक असे झाले की कौलांच्या जागी बसवले असते तर छप्पर गळलं नसतं. नवरा बिचारा चहात बुडवून खायचा. मग मी पुस्तकं मिटली आणि तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, गूळ, पिकलं केळं आणि डब्यातला आमरस घेतला. दूध विकत घेणं जमायचं नाही म्हणून आये आयुष्यभर गोडाधोडात नारळच पिळत आली होती. तिच्या हाताची चव आली आणि केकही फुगला.

आमच्या वाडीत चौदा एप्रिलची जयंती मे महिन्यात होते, चाकरमानी आल्यावर. रत्नागिरीहून मोठा निळा केक येतो, विहारात वंदना झाली की पोरं तो कापतात. त्या वर्षी आम्ही जाणार होतो. मित्रा महिनाभर विचारत होती, "मी पण खाणार ना सगळ्यांबरोबर?" मी तिच्यापुरता केक करायला छोटा टिन बॅगेत घातला आणि उत्तर द्यायचं टाळलं.

पोचल्या पोचल्या मी आयेला म्हटलं, "मित्राची भांडी वेगळी ठेव हां. त्यांना कुणी हात लावायचा नाही."

आयेचा हात चुलीपाशी थांबला. ती पडवीत जाऊन बसली. मी मागोमाग जाऊन आजार समजावला. तिने नीट ऐकून घेतलं.

"रोग हाय, समजला मना," ती म्हणाली. "पन त्या पोरीस काय दिसता? सगले एका परातीत नि मी एकटी डब्यात."

संध्याकाळी ती महिला मंडळात गेली. तिथे काय झालं ते वहिनीने सांगितलं. आये म्हणाली म्हणे, "या वर्साला केक नातीचा. खायचा तर सगल्यांनी तोच खायचा." एका पोराने टोला हाणला, "बिनदुधाचा, बिनअंड्याचा? जयंती हाय काय उपास?" आयेने त्यालाच नारळ खोवायला बसवलं.

गिरणीत गहूही दळतात, म्हणून बायांनी जातं धुऊन तांदूळ दळले. ओव्हन नव्हताच. मोठ्या टोपाखाली वाळू, वर झाकणावर निखारे. त्या दिवशी वाडीत कुणाच्या घरी चपाती लाटली नाही, सगळीकडे तांदळाची भाकरी. पहिला टोप खालून करपला. माझा धीरच सुटला, पण बायांनी निखारे कमी करून दुसरा लावला. तो वर आला, मध्ये थोडा तडकला. निळं क्रीम नव्हतं, तर वहिनीने तड्यावर गोकर्णीची निळी फुलं पेरली.

वंदना झाली. केक परातीत ठेवला. मित्रा सवयीने आपला डबा छातीशी धरून मागे उभी राहिली. आयेने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आज डबा नको, बाय. ह्यातलाच खा."

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने परातीत हात घातला, मग शेजारच्या पोराने, मग दहा-बारा हात एकदम. तोंड भरलेलं असतानाच ती विचारत होती, "आई, हे सगळे माझाच केक खातायत?" मला रडू आवरेना. आये तर उघड रडत होती आणि रडता रडता त्याच परातीतलं खात होती.

डब्लिनला परतल्यावर मी आणि नवऱ्यानेही गहू सोडला. जुना टोस्टर देऊन टाकला. ख्रिसमसला शेजारी येतात, एकाच ताटातला केक खातात. माझ्यासारखे जे गाव सोडून बाहेर पडले त्यांना विचारतात तसं मलाही लोक विचारतात, घर नक्की कुठलं, इथलं की तिथलं? जिथे माझ्या लेकीला डबा न्यावा लागत नाही ते घर, एवढंच मला सांगता येतं.

तो निळ्या झाकणाचा डबा आयेने ठेवून घेतला. चुलीशेजारी असतो. त्यात ती मीठ ठेवते, आणि घरातल्या सगळ्यांचे हात दिवसभर त्यात जातात.