म्हात्रे मॅडम आणि जोशीकाकांची दुसरी रिटायरमेंट

थांबा, हे आधी खोडा. या गौरवग्रंथात तुम्ही सगळ्यांनी लिहिलंय की म्हात्रे मॅडमनी आपल्या विद्यापीठात क्लाउड आणला. साफ चूक! मॅडमनी तो अडवला. साठीला सत्कार करायचा तर त्याचा करा.

मॅडम कॉम्प्युटर सेंटरच्या प्रमुख; माझी त्यांची पहिली भेट सेंटरच्या दारातच झाली. मी नुकताच एमसीए होऊन तिथे नोकरीला लागलेलो, अंगात मस्ती. म्हटलं, "मॅडम, आपला तळघरातला सर्व्हर बंद करायचा, सगळा डेटा कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा, विषय संपला. दोन दिवसांचं काम."

मॅडम हसल्या. "चहा झाला? चल, तुला जोशीकाका दाखवते."

परीक्षा विभागात चार-पाच जण मार्क भरत बसलेले. प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच नाव: व्ही. जी. जोशी.

"यातले जोशी कोण?"

"ते नौपाड्यात असतात. केव्हाचे रिटायर झालेत."

काकांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ. मार्क कुणीही भरो, चूक काकांची! क्लाउडवर प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन घ्यावं लागणार होतं आणि नेमकं तेच कुणाला नको होतं.

कुलगुरूंना मात्र निकालाआधी उद्घाटन हवं होतं. मॅडमनी तोंडावर सांगितलं, "सर, मशीन तयार आहे, माणसं नाहीत. उद्या एखाद्या पोराचे मार्क बदलले तर विचारायचं कोणाला? जोशींना?" मॅडम जुनाट आहेत, अशी कुजबुज सुरू झाली. सेंटर दुसऱ्याकडे द्यायचं घाटत होतं.

मॅडमनी एक सेमिस्टर मागून घेतलं. आधी आपल्याच सर्व्हरवर प्रत्येकाचं लॉगिन, ते जमलं की क्लाउड. मग रिक्षा पाठवून काकांना बोलावलं. हार, पेढे, समोसे. काकांनी स्वतःच्या हाताने आपलं खातं बंद केलं आणि म्हणाले, "मी अजून कामावर आहे हे आमच्या हिला कळलं असतं, तर रोज डबा तरी मिळाला असता हो!"

तरी लोक बिचकतच होते. मॅडम म्हणाल्या, "या सेमिस्टरच्या चुका माझ्या." त्या शीळफाट्याजवळच्या आगरी घरातल्या, माया दाटली की बोली बदलते. मार्क भरणाऱ्या वैशालीताईंना म्हणाल्या, "अगो वैशाली, कनाला घाबरतेस? मी हाय ना."

आणि चूक झालीच. वैशालीताईंनी कल्याणच्या कॉलेजचे मार्क डोंबिवलीच्या कॉलेजखाली चढवले. निकालाआधी सापडलं, पण मीटिंग लागली.

"कोणी केलं हे?" कुलगुरूंनी विचारलं.

मॅडम उठल्या. "माझी चूक, सर."

"नाही सर," मागून वैशालीताई. खुर्ची सरकवून उभ्या राहिल्या. "मॅडमचं काय नाही त्यात. मी केलं. सापडवलंपण मीच, दुरुस्तपण मीच केलं."

मॅडम खाली बसल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता ने रे, कुठे न्यायचा तिथे सर्व्हर."

मॅडम, शंभरी गाठा, गुडघे ठणठणीत ठेवा आणि आमच्यासारख्या घाईवाल्यांना असंच अडवत राहा. आता तुम्ही म्हणणार, "अरे, मी काय केलं? वैशालीने केलं." ते ऐकायला मी थांबत नाही. लेख संपादकांच्या टेबलावर ठेवलाय, खाली माझंच नाव आहे, चुका माझ्या. माजिवड्याची रिक्षा उभी आहे. निघालो.