चार इंचांची चूक

त्याला सगळे ‘सूतभर’ म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तेवढा फरक दिसला तरी या माणसाला चैन पडत नसे. फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, पण वाकड्या कामाला "असू दे" म्हणताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात फोटोग्राफरलासुद्धा त्याने कॅमेरा सूतभर डावीकडे घ्यायला लावला होता, असं त्याची बायको अजून सांगते. तो नाकारतही नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत स्वतःचा कारखाना थाटला. मधोमध करवत मशीन, दाराशी रंधा मशीन, खिडकीखाली कामाचं जाडजूड टेबल आणि कोपऱ्यात भोकं पाडायचं उभं ड्रिल. उरलेल्या जागेत तो स्वतः, तोही अंग चोरून. बायको चहा आणायची ती दारातूनच कप पुढे करायची.

अशात त्याच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गुडघा बदलला. ऑपरेशन झकास झालं, पण अक्का राहायची मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावाने शंख. दोन महिने ती खुर्चीला खिळून होती. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता रोज चालला नाहीत तर पाय आखडेल आणि कायमचं बसून राहावं लागेल. सूतभरने त्याच दिवशी फोन लावला.

"माझी खालची खोली आहे, समोर अंगण आहे. तू इकडे ये."

"आणि तुझी मशीनं?"

"विकतो."

"एक जरी मशीन विकलंस ना धाकट्या, तर मी या खुर्चीतून हलणार नाही," अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

ही नुसती धमकी नव्हती. लहानपणी त्याने पहिलं स्टूल केलं, तेव्हा फळीचं दुसरं टोक अक्काने धरलं होतं, आणि हात भरून आले तरी फळी कापून होईपर्यंत सोडलं नव्हतं. बाई शब्दाची पक्की होती.

मग सूतभरने कंबर कसली. हातात पंधरा दिवस होते. प्रत्येक मशीनला चाकांचा गाडा करायचा. सकाळी गाडे अंगणात, दिवसभर तिथेच काम, संध्याकाळी पुन्हा आत. करवत आणि रंधा टेबलाच्या पोटात जाणार, ड्रिल कोपऱ्यात, बाकी खोली अक्काची. त्याने प्लायची खोकी केली, ढकलायला दांडे बसवले, चाकांना ब्रेक लावले. दारातला उंबरा काढून तिथे उतार केला. रंध्याच्या गाड्याची तर कमालच होती. दोन खिट्ट्या काढल्या की वरची फळी उलटी फिरे, मशीन खोक्यात लटके आणि वर सपाट पाट राही.

"अगं, बघ तरी, रंध्याने कोलांटी मारली!" तो ओरडला.

"तुम्ही मारू नका म्हणजे मिळवली," बायको म्हणाली.

तेराव्या दिवशी त्याने मोठ्या ऐटीत पहिला गाडा टेबलाखाली ढकलला. धाडकन आवाज झाला आणि गाडा टेबलाच्या कडेवर आपटून थांबला. खोकं बरोबर होतं, सूतभरही चूक नव्हती. त्याने पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. बायकोने भिंतीवरचा त्याचा नकाशा पाहिला.

"यात चाकं कुठायत हो?"

चाकं नकाशात नव्हतीच, आणि चाकं होती चार इंच उंच. सूतभर डोक्याला हात लावून जमिनीवरच बसला. बायको मात्र इतकी हसली, की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

टेबलाच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे देऊन त्याने वेळ निभावली. पण गाड्यांचे दांडेही तेवढेच वर गेले होते. सूतभर मुळात बुटका, त्यामुळे कमरेशी हवा तो दांडा बरगड्यांशी आला. दांडे खाली घ्यायला वेळ उरला नाही आणि ते त्याला रोज टोचत राहिलं.

अक्का आली. पलंगावर बसून तिने तिन्ही मशीनं बोट दाखवत मोजली आणि हसली. त्याचा जीव भांड्यात पडला, पण थोडाच वेळ. कारण अक्का चालायलाच तयार नव्हती. दवाखान्यातून आणलेल्या वॉकरवर टॉवेल वाळत पडला.

"ते घेऊन चाललं की मी आजारी दिसते," ती म्हणे.

सूतभरने समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचं आणि परत पलंग, यापुढे गाडी सरकेना. आठ दिवस गेले. आपण अक्काला फक्त खुर्चीतून पलंगावर आणलं, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी सकाळी बायको दुकानात गेली होती. त्याने करवत आणि ड्रिल अंगणात आणलं, फळीवर खुणा केल्या आणि मग आठवलं, रंधा आतच राहिला. तेवढ्यात चाकांची घरघर ऐकू आली. बायको परतली असेल म्हणून त्याने मान वळवली.

उतारावरून रंध्याचा गाडा हळूहळू खाली येत होता आणि मागे अक्का होती. अक्का त्याच्यापेक्षा वीतभर उंच. दांडा अगदी तिच्या हाताशी आला होता आणि ती ताठ उभी होती. आठ-दहा पावलं टाकून ती त्याच्यापाशी थांबली आणि चांगल्या पायाने तिने ब्रेक दाबला.

"मशीन विसरलास. काम अडलं असतं ना?"

"अक्का, तू चाललीस!" तो कसाबसा म्हणाला. खुणा केलेली फळी त्याला दिसेनाशी झाली होती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

"रडतोस काय? संध्याकाळी आत न्यायलाही मीच येणार. कुणी हात लावायचा नाही."

तेव्हापासून रंधा अक्काचा. गाडा पुढे पळू नये म्हणून सूतभरने चाकं जरा कडक केली, आणि महिनाभरात अक्का अंगणाला तीन-तीन फेऱ्या मारू लागली. एके दिवशी तो पेचकस घेऊन गाड्यापाशी बसला.

"काय करतोयस?"

"दांडा चार इंच वर लागलाय. चूक राहिलीय माझी, ती काढतो."

अक्काने दांड्यावर हात ठेवला. "सूतभरसुद्धा हलवायचा नाही."

त्याने एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा तिच्या पायांकडे, आणि पेचकस खिशात टाकला.

"असू दे," तो म्हणाला.

आतून बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. याला बरं नाही की काय, असं तिला वाटलं होतं.