मसुरीचं सूप

युरोपात मी आयुष्यात एकदाच गेलो, दहा आठवड्यांसाठी. तिथल्या हॉटेलांतली काही जेवणं मला आजही ताटासकट आठवतात. त्याला कारण जेवणाची चव नव्हे. माझ्यासमोर बसलेला माणूस जेवत नव्हता, म्हणून ती आठवतात.

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मी पॉवर हाउसला नुकताच लागलो होतो. वय सव्वीस, गाव कोरेगावजवळचं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, शेतात ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि कारखान्यानं जर्मनीहून नवं टर्बाइन मागवलं होतं. हंगाम संपल्यावर ते चालवायचं शिक्षण घ्यायला दोघांना तिकडे पाठवायचं ठरलं. एक आमचे फोरमन अण्णा, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी बोलायला म्हणून मी.

अण्णा पन्नाशी ओलांडलेले, सांगलीचे जैन. यंत्राला टेकवलेल्या पाइपला कान लावून कुठलं बेअरिंग खराब होतंय ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. मांस, मासे, अंडी यांचा प्रश्नच नव्हता. सूर्य मावळल्यावर जेवायचे नाहीत. कांदा, बटाटा, गाजर अशी कंदमुळंही खात नसत, पण निघण्यापूर्वी मुनिमहाराजांकडे जाऊन परदेशापुरती तेवढी सूट विचारून आले होते. मला म्हणाले, "विचारून घेतलेलं बरं गड्या. आपल्या मनानं सूट घेतली की ती वाढतच जाते."

काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, एक अख्खी बॅग खाण्यानं भरून दिली होती. भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, बेसनाचे लाडू. ती बॅग दोन आठवड्यांत रिकामी झाली.

सूर्यास्ताची अडचण तिथं आलीच नाही. उन्हाळ्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड. अण्णांना त्याची मोठी गंमत वाटली. बाकी सगळ्याची अडचण होती. आम्हाला शिकवणाऱ्या इंजिनिअरनं एका जाड कागदावर जर्मनमध्ये लिहून दिलं होतं: आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही. हॉटेलात बसलो की मी तो कागद पुढं करायचो. वाढणारा तो नीट वाचायचा, मान हलवायचा आणि आत जायचा. मग कोवळ्या शेंगांची भाजी यायची आणि तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असायचे. मी परत बोलवायचो, बोट दाखवायचो. त्याला वाटायचं, एवढेसे तर आहेत. एकदा रेल्वे स्टेशनवरच्या मोठ्या हॉटेलात कागद वाचून कोंबडी आणली. तिथं कोंबडी मांसात धरत नसावेत. एकदा कोशिंबीर आली, हिरवीगार, आणि वर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या फुलासारख्या मांडलेल्या. वाढणारी बाई इतक्या कौतुकानं उभी होती की मला नको म्हणवेना. अण्णांनी तिला हात जोडले, ताट माझ्याकडे सरकवलं आणि पाव खाल्ला.

मी सगळं खात होतो. घरी आमच्याकडे मटण व्हायचं, मला काही वर्ज्य नव्हतं. अण्णा म्हणायचे, "तू खा. माझ्याकडं बघू नकोस." त्यांच्याकडे न बघता जेवणं मला एकदाही जमलं नाही. पाव, दूध, केळी, उकडलेला बटाटा, पुन्हा पाव. खोलीवर स्वयंपाकाला मनाई होती. मी एकदा चोरून भात शिजवला, तर घरमालकीण वास घेत आली आणि स्टोव्ह उचलूनच घेऊन गेली. पाचव्या आठवड्यात अण्णांनी वर्कशॉपमधल्या पंचानं स्वतःच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली.

सहाव्या आठवड्यात चालत्या यंत्रापाशी ते कोसळले. मी दोन पावलांवर होतो, तरी त्यांना धरू शकलो नाही. कपाळाला खोक पडली. डॉक्टरनं तपासलं आणि आमच्या इंजिनिअरकडून मला सांगितलं, यांना दुसरं काही झालेलं नाही, हा माणूस उपाशी आहे. अंडी द्या, मांसाचं सूप द्या. अजून महिना असा गेला तर मी जबाबदार नाही.

संध्याकाळी मी खोलीत म्हणालो, "अण्णा, आपण परत जाऊ. तार करतो."

"आणि टर्बाइन कोण चालवणार? तुझा बाप?" ते पडल्या पडल्या म्हणाले. मग जरा वेळानं, "शिकल्याशिवाय गेलो तर तोंड काय दाखवू रे कारखान्यात?"

दुसऱ्या दिवशी मी गावभर हिंडलो. चर्चमागच्या गल्लीत पाच-सहा टेबलांचं एक हॉटेल होतं, एक म्हातारी विधवा एकटीच चालवायची. मी कागद दिला. तिनं वाचला, मला थांबायची खूण केली आणि आतून काचेची बरणी घेऊन आली. झाकण काढून मूठभर दाणे माझ्या तळहातावर ओतले. मसूर. अख्खी, तपकिरी मसूर. मला तिथंच रडू यायला लागलं.

अण्णांना हाताला धरून आणलं. तिनं खोल बशीत दाट सूप आणलं. मसूर, गाजर, कांदा. अण्णांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमटी हाय की रं ही." एरवी अण्णा जरा शुद्ध बोलायचे, त्या दिवशी तोंडातून गावचं आलं. दोन बशा संपवल्या. म्हातारी दाराला टेकून बघत होती.

त्या दिवसापासून आम्ही रोज तिथंच जायला लागलो. आठवड्याभरात अण्णांच्या तोंडावर रंग आला. जिना चढताना थांबेनात. तिला ते "बाई" म्हणायचे आणि तीही त्यांना काहीबाही जर्मन बोलायची. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघं चांगली पाच-पाच मिनिटं बोलायची.

नवव्या की दहाव्या दिवशी अण्णांनी तिसऱ्यांदा सूप मागितलं. ती आत होती, म्हणून मी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चुलीवर मोठं पातेलं होतं. तिनं चिमट्यानं त्यातून एक हाड वर काढलं, भरपूर मांस असलेलं, डुकराचं. ते निथळवून बाजूच्या थाळीत ठेवलं. थाळीत मांसाचे तुकडे आधीच काढून ठेवलेले होते. मग तिनं मला पाहिलं. लपवायचं काही तिच्या मनातच नव्हतं. उलट आनंदानं तिनं मला ती थाळी दाखवली, झारा दाखवला आणि बाहेर अण्णांकडे बोट केलं. एक-एक तुकडा मी त्यांच्यासाठी वेचून काढते, असं ती सांगत होती. मग त्याच पातेल्यातून बशी भरून तिनं माझ्या हातात दिली.

मी ती बशी घेऊन उभा राहिलो. बाहेर अण्णा पाव मोडत बसले होते. मी गेलो आणि बशी त्यांच्यापुढं ठेवली.

ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरला गाठलं आणि दुपारी त्याला एकट्याला हॉटेलात घेऊन गेलो. त्यानं तिला समजावून सांगितलं की तुकडे काढून चालत नाही, मांस मुळात पातेल्यात पडताच कामा नये. तिचा चेहरा एकदम उतरला. इतके दिवस आपण त्या माणसाला काय खाऊ घातलं ते तिला कळलं. संध्याकाळी तिनं लहान पातेल्यात नुसती मसूर वेगळी शिजवली.

अण्णांनी चमचा घेतला. दुसरा घेतला. "आज बाईचं लक्ष नाही," म्हणाले. अर्धी बशी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यांनी लोणी घालून पाहिलं, मीठ घालून पाहिलं. "राहू दे, भूक नाही." तिसऱ्या दिवशी नुसता पाव खाल्ला आणि जिन्यात बसले.

चौथ्या संध्याकाळी म्हातारी आमच्या टेबलाशी आली. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मग एक बोट स्वयंपाकघराकडे केलं, दुसऱ्या हातानं मोठ्या पातेल्याएवढा गोल आकार केला आणि थांबली. ती मला विचारत होती.

मी मान हलवली. होय.

ही मान हलवल्याची गोष्ट मला सांगायची होती. आधीचे नऊ दिवस नकळत गेले होते, ते कुणाच्याच माथी नव्हते. जाणून पुढं ठेवलेली ती एक बशी आणि त्यानंतरचे अठरा दिवस माझे. अण्णांनी त्या दिवशी दोन बशा खाल्ल्या आणि मला म्हणाले, "बघ, बाई ताळ्यावर आली."

परत आल्यावर मी आधी गावी गेलो. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता ऐकलं. म्हणाली, "मानूस जगला न्हवं? मग झालं. आता त्यास्नी सांगू नगंस. तुज्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्येंच्या जिवाला घोर लावू नगंस."

मी ते ऐकायला हवं होतं.

सांगलीत अण्णांनी त्या म्हातारीला देवपण देऊन टाकलं होतं. कारखान्यात, देवळात, नातेवाइकांत, जो भेटेल त्याला सांगायचे. परक्या देशात, परक्या धर्माची बाई, पण एका कागदावरून तिनं माझा धर्म राखला. लोक हात जोडून ऐकायचे. मी शेजारी असलो तर म्हणायचे, "विचारा याला. हा होता रोज." आणि मी होय म्हणायचो.

काकूंनी ते सूप घरी करून पाहिलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. अण्णा चव घ्यायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. पण ती आणखी काहीतरी घालत होती गं."

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात. अण्णा वयानं, मानानं माझ्यापेक्षा एवढे मोठे, तरी माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "तिकडं आजारपणात तुला फार बोललो. कळत-नकळत चुकलं असेल, तर क्षमा कर." आता माझी पाळी होती. मीही हात जोडले. तोंड उघडलं आणि नुसतं "मलाही" एवढंच निघालं. ते हसले आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळले.

मी मागच्या पडवीत जाऊन बसलो. काकू पाणी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. म्हणाल्या, "एक विचारू? तू रोज होतास ना तिथं. काय घालत होती रे ती बाई? जिरं? मिरी? मला काही केल्या ती चव येत नाही."

मी सांगितलं. स्वयंपाकघर, थाळी, लहान पातेलं आणि मान हलवल्याचंही सांगितलं. आतून अण्णांचा आवाज येत होता, कुणाला तरी ते म्हातारीचीच गोष्ट सांगत होते.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंस?"

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. "त्यांना नको सांगूस. त्यांनी प्राण सोडला असता, पण ते खाल्लं नसतं. आता कळलं तर काय करतील, मला ठाऊक आहे. तू मोकळा झालास. जा आता."

दिवाळीनंतर मला कळलं की त्या घरात मसूर शिजत नाही. अण्णांना काकूंनी सांगितलं होतं की आपल्याला मसूर बाधते. आणि काकू दर अष्टमी-चतुर्दशीला निर्जळी उपास करायला लागल्या होत्या. कुणासाठी ते एकट्या मलाच माहीत होतं.

पुढं मला सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, घराजवळ. सांगलीला जाणं कमी झालं. तीनेक वर्षांनी एका लग्नासाठी गेलो, तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. अण्णांची तब्येत उत्तम होती, नवं टर्बाइन विनातक्रार चालत होतं. काकूंच्या हातांवरच्या शिरा मात्र वर आल्या होत्या.

जेवायला बसलो, तर ताटं दोनच. त्या दिवशी चतुर्दशी होती. अण्णा अभिमानानं आणि थोड्या काळजीनं म्हणाले, "ही ऐकतच नाही. डॉक्टर म्हणतात एवढे उपास झेपणार नाहीत. तू सांग जरा. तुझं ऐकेल."

काकू वाढता वाढता थांबल्या. मी वर बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, रागानं नाही, पण मी काय बोलतो ते ऐकायला.

"काकू," मी म्हणालो, "एखादा उपास सोडला तर..."

"आमटी घे," त्या म्हणाल्या आणि पळीभर तुरीची आमटी माझ्या भातावर घातली.