मामाने कळवलंच नाही

आईचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत माझ्या खोलीत बसून धामणगावच्या एका लग्नाच्या व्हिडिओतून रुसलेली आत्या कापत होते. पहिला सिनेमा करून झाला तरी माझं पोट अजून लग्नाच्या व्हिडिओंवरच चालतं. "मामा गेला," आई म्हणाली. मी विचारलं, "कुठं?" कारण आमचा तुळशीराममामा कायम कुठंतरी गेलेलाच असायचा... आज मूर्तिजापूर, उद्या दर्यापूर, कुणाची पोरगी सांगायला नाहीतर कुणाचं पोरगं पाहायला. आईला रडू फुटलं, तेव्हा मला कळलं. अकोल्याच्या घरी दुपारचं जेवून तो पंख्याखाली पडला होता. मामी चहाला उठवायला गेली, तर उठला नाही.

त्याच्या अंत्ययात्रेला लोक जोडीजोडीने आले होते. मामाने आयुष्यभर लग्नं जमवली, त्यामुळे रडणारेही नवरा-बायको असेच होते, आणि त्यातले काही घरून भांडून आल्याचं स्पष्ट दिसत होतं. मूर्तिजापूरचे एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "आमचं यायनंच जमवलं होतं." त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "हो न बाप्पा! आता यायची तक्रार सांगाव कोणाले?" सगळी माणसं रडत रडत हसली. मलाही हुंदका आला, पण खरं सांगते, त्यात थोडा मामाचा रागही होता. माझ्या सिनेमाबद्दल त्याचं मत त्याने शेवटपर्यंत दिलं नव्हतं. "कळवतो," असं म्हणाला होता. आणि ‘कळवतो’ म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मामाचा अकोल्याबाहेर फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध. मांडवात फुलं पोचवता पोचवता कुठल्या घरातली पोरगी शिकून बसली आहे आणि कुठल्या पोराची नोकरी पक्की झाली आहे हे त्याला कळायचं, आणि एकदा कळलं की त्याला चैन पडायची नाही. या कामाचं त्याचं एक शास्त्र होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला की त्याच दिवशी विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी जायचं, आणि तेव्हाही विचारायचं नाही, नुसतं बसायचं. पाहुण्यांनी "कळवतो" म्हटलं तर समजायचं, नापसंत. आणि सगळ्यात मोठी खूण पोह्यांची. "पोह्यायची तारीफ केली का समज, स्थळ गेलं," मामा म्हणायचा. "ज्याले पोरगी करायची असते त्याले पोह्यायची चव आठवत नाही. तो खोट काढते. नाक काहून असं, मामा काहून आला नाही... खोट काढणारा माणूस घरात घेते, पोरी."

लग्न लागलं की त्याला मानाची टॉवेल-टोपी मिळायची. टॉवेल घरात वापरले जायचे आणि टोप्या तो वाटून टाकायचा. पण एखादी जोडी त्याला स्वतःला जिवापासून पसंत असली, तर तिच्या लग्नातली टोपी पुढच्या खोलीत खिळ्यावर टांगायचा. आयुष्यभरात इतकी लग्नं जमवून त्या भिंतीवर टोप्या मोजक्याच होत्या. खुद्द माझ्या आई-बाबांचं लग्न त्यानेच जमवलेलं, पण त्यांची टोपी तिथे नव्हती. आई अजूनही त्यावरून बोलते.

तर माझा सिनेमा... ‘बडनेऱ्यापर्यंत’ त्याचं नाव. मित्रमैत्रिणींना गोळा करून, मामाच्या मळ्यात आणि लोकांच्या लग्नात घुसून केलेला. त्यातली मुलगी मांडव सजवते, मुलगा लग्नात ड्रोन उडवतो, आणि दोघं भेटतात ती फक्त दुसऱ्यांच्या लग्नात. शेवटी तिला पुण्याला नोकरी लागते. बडनेरा स्टेशनवर तो तिला सोडायला येतो, मनातलं सांगायचं ठरवून येतो, आणि शेंगदाण्याची पुडी हातात धरून उभा राहतो. गाडी निघून जाते. त्याच्या चेहऱ्यावर सिनेमा संपतो. या शेवटाचा मला फार अभिमान होता.

पहिला खेळ अकोल्यात, रविवारी सकाळी. निमंत्रणं वाटायचं काम मामाने आपणहून घेतलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्याला निमंत्रण द्यायची एकच रीत माहीत होती. घरोघरी जाऊन, पत्रिकेला हळदकुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून, "सहकुटुंब या" म्हणायचं. तुळशीरामजी अक्षता देऊन गेले म्हटल्यावर पत्रिका वाचतो कोण? रविवारी सकाळी थेटरापुढे भरजरी साड्या, फेटे आणि आहेराची रांग लागली. स्टीलच्या टाक्या आल्या, भिंतीवरची घड्याळं आली, एक मिक्सर आला. थेटरचा मॅनेजर पार गोंधळून गेला, आणि आई तोंड लपवायला जागा शोधत होती. एका आजीबाईंनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि विचारलं, "नवरदेव कुठं आहे व?" मामाने पडद्याकडे बोट दाखवलं. "येऊनच राहिला. तुमी बसा तं खरं." मामाने मागच्या बाजूला वांग्याची भाजी, पुरी आणि बुंदी केलेलीच होती. मग आईच म्हणाली, एवढं लग्न झालंच आहे तर मध्यस्थाचा मानही करून टाक. मध्यंतरात सगळ्यांसमोर मी मामाला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. टोपी त्याला थोडी घट्ट झाली. खेळ संपल्यावर मी विचारलं, "मामा, कसा वाटला?" तो टोपी काढून हातात घेत म्हणाला, "कळवतो."

माझं तोंड एवढंसं झालं. पण मामाने त्याच्यावर काही बोलायची सोय ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी गाडी काढली, मला मागे बसवलं, आणि आम्ही प्रेक्षकांचा कौल घ्यायला घरोघरी निघालो. पहिल्या घरी एक निवृत्त इंजिनिअर होते. "फोटोग्राफी लय मस्त! आपलं अकोलं फॉरेनसारखं दिसलं." मी खूश. बाहेर येऊन गाडीला किक मारताना मामा एवढंच म्हणाला, "पोहे." दुसऱ्या घरी गाणं फार आवडलं होतं. "पोहे." तिसरे म्हणाले, थेटरातला एसी एक नंबर होता. मामाने डोक्याला हात लावला. "यानं तं पाण्याच्या ग्लासाची तारीफ केली."

चौथ्या घरी मात्र आम्ही टेकायच्या आतच मेथी निवडत बसलेल्या बाईंनी मला फैलावर घेतलं. "काय व, तो पोट्टा मुका हाय काय? पोरगी गाडीत चढून राहिली, न हा शेंगदाणे धरून उभा! मले तं असं वाटलं, उठून मांगून ढकलाव त्याले." आतून त्यांचे यजमान ओरडले, "नोकरी नाही त्याले! काय तोंडानं बोलीन तो?" "तुमाले तरी कुठं होती?" बाई कडाडल्या. मग जे सुरू झालं त्यात आमचा चहा उतू गेला, मेथी तशीच राहिली, आणि दोघांची जुनी उणीदुणी शेंगदाण्याच्या पुडीभोवती फिरत राहिली. आम्ही हळूच बाहेर पडलो. मी रडकुंडीला आले होते आणि मामाचा चेहरा उजळला होता. "हे स्थळ जमलं," तो म्हणाला. "भांडण झालं मंजे त्या दोघायले घरात घेतलं यायनं."

अमरावतीला एका कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ झाला तेव्हा मामा खास आला. तिथं जाणकार मंडळी होती. खेळानंतर चर्चा झाली, ‘शांततेचा वापर’ झाला, ‘अवकाश’ झाला. एक जण म्हणाले, हा शेवट प्रेक्षकावर विश्वास टाकतो. मी मनातल्या मनात फुगले. तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा उभा राहिला. "मी पोरीकडचा. मले एवढंच विचाराचं आहे, हा पोरगा पुढच्या गाडीनं गेला का नाही?" हॉल हसला. पण हसणं थांबल्यावर लोक खरंच उत्तरं द्यायला लागले. जाईल, नाही जाणार, नुसता फोन करेल. धारणीहून बसने आलेले एक मास्तर म्हणाले, "आमच्याकडं बस एकच असते. चुकली तं चुकली. म्हणून आमी लोक लवकर बोलून घेतो." त्यावर सगळ्यात जोरात टाळी मामाची.

त्यानंतर तो मला फोनवर दर वेळी तेच विचारायचा. जेवली का, पाणी आलं का, आणि मग, "काय झालं त्यायचं? जमलं का?" मला आधी गंमत वाटायची, मग कंटाळा यायला लागला. शेवटची भेट मळ्यातली. तो झेंडूच्या ढिगाशेजारी बसून हार ओवत होता. मी त्याला समजावून सांगितलं की मामा, याला ओपन एंडिंग म्हणतात, शेवट मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. त्याने सुई थांबवली. "मंजे दार उघडं ठेवून आपण निघून जाचं? असं पाहुण्यायले दारात उभं ठेवते काय कोणी?" मग सुईत पुन्हा फूल ओवलं. "तुयं तं मायाच्यानं जमलं नाही. निदान त्यायचं तरी जमू दे." मी म्हटलं, "ते राहू दे. तुला आवडला का नाही ते सांग." तो ओवतच राहिला. "कळवतो म्हटलं न!"

अकोल्याला गेले की मी चहा घेता घेता भिंतीकडे चोरून पाहायचे. माझी टोपी तिथे कधीच नव्हती. आई म्हणायची, आपण दोघी एकाच पंगतीतल्या. आईनं ते हसण्यावारी नेलं होतं, मला ते जमलं नाही. परक्या लोकांनी कौतुक केलं की माझ्या कानात "पोहे" ऐकू यायचं, आणि ज्याचं ऐकायचं होतं त्याने भिंतीवर मला जागाच दिली नव्हती.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मी मामीजवळ राहिले. सकाळी ती पुढची खोली आवरत होती. महिना बदलला होता, म्हणून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागे एक खिळा होता. ती पान उलटत सहज म्हणाली, "हा तुया खिळा."

"माझा?"

"मंग कोणाचा? थेटरातून आले त्याच संध्याकाळी ठोकला यायनं. अंगठ्यावर हातोडी मारून घेतली, न वरून मलेच बोलले."

"मग टोपी का नाही टांगली?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. "लग्न कुठं लागलं त्यायचं? लग्न लागल्याबिगर टोपी टांगत नव्हते हे. खिळा रिकामा दिसते म्हणून मी त्याले कॅलेंडर अडकवलं. रोज विचारत, पोट्टीचा फोन आला होता काय, काय म्हणे, जमलं काय त्यायचं..."

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. इतक्या दिवसांत तशी रडले नव्हते. मामीने मला रडू दिलं. कॅलेंडर मांडीवर घेऊन ती शेजारी बसली, आणि थोड्या वेळाने अगदी त्याच्यासारखंच विचारलं, "मंग? जमलं का त्यायचं?"

त्या शेवटाबद्दल मी कुठंकुठं भाषणं दिली आहेत. "जमलं, मामी," मी म्हणाले.

"पोरगा बोलला?"

"बोलला. पुढच्या गाडीनं पुण्याला गेला आणि स्टेशनवरच बोलला."

"शेंगदाणे?"

"ते तिनं खाल्ले."

"बरं झालं बाई." मामी उठली, आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. टोपी घेऊन आली, गुडघ्यावर ठेवून तळहाताने तिची घडी सरळ केली आणि टाचा उंचावून खिळ्यावर टांगली. जरा मागे सरकून पाहिलं, पुन्हा जाऊन नीट केली. मग कॅलेंडर हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"याले आता दुसरा खिळा लागते," मामी म्हणाली.