जनेलातली कंपाउंडरीण

डिचोलीत आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्याएवढा हुशार पेशंट दुसरा झाला नाही. नुसती एक सही घ्यायला आपल्या पायांनी जिना चढून गेलेला आणि तिथल्याच बाकड्यावर आडवा पडलेला पेशंटही दुसरा झाला नाही.

शाळेच्या आवारात मी शिरलो तो चिंचा पाडायला, तेवढंच माझं शिक्षण. दोडामार्गाकडून खाणीवर आलो, आधी क्लीनर झालो, मग मालाच्या ट्रकावर ड्रायव्हर. पावसात खाणी बंद असायच्या. गणपतीची चवथ उरकली की गाड्या परत सुरू, आणि त्याआधी मालक माणसं ठरवायचा. त्या वर्षी माझं लायसन संपत होतं. त्यासाठी डॉक्टरांची सही लागते, की हा माणूस धडधाकट आहे, ट्रक चालवू शकतो. मालकानं साफ सांगितलं होतं, सीझन सुरू व्हायच्या आत कागद आण, नाहीतर तुझ्या गाडीवर दुसरा बसेल.

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, एवढ्या प्रेशरवर तुला सायकल द्यायचीसुद्धा भीती वाटते. महिनाभर गोळ्या घे, उतरलं तर सही करतो. आणि गोळ्या घ्यायला मला जनेलाकडे पाठवलं.

आता हे जनेल म्हणजे दवाखान्यातली औषधं द्यायची खिडकी. तिथं पूर्वी एक म्हातारा कंपाउंडर बसायचा. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तांबडं औषध द्यायचा आणि अंगावर खेकसायचा. त्याला आम्ही भयंकर मान द्यायचो. खेकसतो म्हणजे त्याला कळत असणार, असा आमचा हिशोब. तो गेला आणि डॉक्टरांनी एक शिकलेली बाई ठेवली. फार्मसिस्ट. ती खेकसायची नाही, तिथंच तिचं चुकलं.

वर ती विचारायची. बाजारातून आणखी कुठली गोळी आणता? गुडघ्याला काय घेता? मागच्या वेळची औषधं संपली की राहिली? संध्याकाळी काय पिता? आम्ही बाकड्यावरची मंडळी एकमेकांकडे बघायचो. डॉक्टरांनी तपासलं, डॉक्टरांनी लिहिलं, आता हिनं पुडी बांधायची तर ही कोर्टासारखी उलटतपासणी करते. कोण म्हणायचा, डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले. कोण म्हणायचा, डॉक्टरांच्या घरातली असेल, कुठंतरी बसवली. एकानं तर आत जाताना ओली छत्री तिच्या हातात दिली, धर म्हणून. तिनं ती कोपऱ्यात उभी केली आणि त्याला विचारलं, काका, खोकल्याचं औषध घेताय त्याला किती दिवस झाले? तो तिला ओलांडून पुढं गेला. आत जाऊन उत्तर डॉक्टरांना दिलं, तेही मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं.

कंपाउंडरीण हे नाव मी ठेवलं. मला वाटलं होतं, एवढं चांगलं नाव ठेवल्याबद्दल मला चहा मिळेल. बाकड्यावरची एक म्हातारी तर असं हसायची की तिला खोकला यायचा. ती आमच्या ट्रकांच्या रस्त्याकडेच्या गावातली, दर पंधरा दिवसांनी दम्याला यायची. तिला हसवलं की मला वाटायचं, आपण कोणीतरी आहोत. दवाखान्यात मला हेच एक काम जमत होतं.

त्या दिवशी जनेलातल्या बाईनं माझी पुडी पुढं केली आणि सांगायला लागली. माझी पाठ तिच्याकडे, तोंड बाकड्याकडे. मी म्हाताऱ्या बाईला डोळा मारून म्हटलं, कंपाउंडरीण आता मला गोळी गिळायची कशी ते शिकवणार. सगळे हसले. मागं ती काहीतरी करत होती, बोलत होती. मी मान हलवत राहिलो. आमच्या गावात मान हलवली की बाई गप्प होते. ही झाली नाही. तिनं परत सांगितलं, मी परत मान हलवली आणि पुडी खिशात टाकून खाली उतरलो.

गोळ्या काही मी घेतल्या नाहीत. खाणीवरच्या एका सोबत्यानं सांगितलं होतं, प्रेशरची गोळी एकदा तोंडात गेली की सरणापर्यंत सोबत येते. हा सोबती स्वतः चष्मा नको म्हणून ट्रक गटारात घालणारा. त्याचं मी ऐकलं. चार बुकं शिकून बसलेल्या बाईचं नाही ऐकलं. बायको रोज विचारायची, "गोळी घेतलास?" मी म्हणायचो, घेतली. पुडी देवाच्या फळीवर होती, देवाला प्रेशर नसल्यामुळे सुरक्षित होती.

महिना संपला. सहीचा दिवस उजाडला. आता आम्हा ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. खेपा कमी पडल्या तर शेवटच्या दिवशी मारून काढायच्या. तेच डोकं मी इथं चालवलं. महिनाभराचं काम एका सकाळी. चहात उंडा पाव बुडवून खाल्ला आणि वर चार गोळ्या. उरलेल्या माडाच्या आळ्यात पुरल्या, बायकोला पुडी रिकामी दिसावी म्हणून.

माझा नंबर यायला दोन तास गेले. बाकड्यावर मी चवथीच्या गोष्टी सांगत होतो, पण माझाच आवाज मला लांबून यायला लागला. आत गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, बघितलं, दुसऱ्या दंडाला बांधला. म्हणाले, अरे, हे तर फारच उतरलं, गोळी कमी करावी लागेल. आणि माझा कागद पुढं ओढला. पेन उघडलं. मला वाटलं, ट्रकात चढलोच.

तेवढ्यात त्यांनी जनेलाकडे तोंड करून विचारलं, याला किती देत होतो आपण?

ती वही घेऊन आत आली. मला म्हणाली, "काका, गोळी कशी घेत होता?"

"रोज सकाळी एक. चवथीच्या दिवशीसुद्धा चुकवली नाही."

"अख्खी?"

"अख्खी. आमच्यात अर्धवट काम नाही." पडद्याबाहेर कोणीतरी हसलं. मला जोर आला.

"महिनाभर?"

"तीस दिवस. विचारा बायकोला."

तिनं वही डॉक्टरांसमोर ठेवली. "मी पंधरा गोळ्या दिल्या होत्या. रोज अर्धी घ्यायची. यांच्यासमोर एक मोडूनसुद्धा दाखवली होती."

पडद्याबाहेरचं हसणं बंद झालं. मी उठलो, काहीतरी खुलासा करायला. खुलासा काय करणार होतो ते मला आजही ठाऊक नाही, कारण जमीन वर आली.

डोळे उघडले तर मी बाहेरच्या बाकड्यावर. मंडळी उभी होती, मला जागा करून. माझे पाय तिनं दोन खोक्यांवर उंच ठेवले होते. कानाजवळ वाकून हळूच विचारलं, सकाळी किती घेतल्या? मी चार बोटं दाखवली. बाकीच्या? मी सांगितलं, माडाच्या आळ्यात. तिच्या जागी मी असतो तर आठवडाभर बाजारात सांगत फिरलो असतो. ती हसली नाही. वहीत लिहिलं, डॉक्टरांना म्हणाली, आजचं प्रेशर धरू नका, यांना संध्याकाळपर्यंत घरी सोडू नका. तिच्यापुढं डॉक्टरांनीसुद्धा मान हलवली, पण माझ्यासारखी नाही, ऐकून. पेनाला टोपण लागलं. कागद तसाच कोरा माझ्या खिशात परत आला. आता परत महिना, आणि खाणी आठ दिवसांवर.

दुपारी मला थोडी हुशारी आली. बसलो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणी हसत नव्हतं, हे मला सोसेना. म्हातारी समोरच होती, औषधाची पुडी मुठीत धरून. जनेलातली बाई सांगत होती ते सगळं म्हातारीनं दोनदा विचारून घेतलेलं मी पडल्यापडल्या ऐकलं होतं. मी तिलाच म्हटलं, बघितलंस आये, एका कंपाउंडरणीनं माझा ट्रक घेतला. आता मी काय करू?

म्हातारी हसली नाही, खोकली नाही. म्हणाली, "आमची भुरगी त्याच रस्त्यानं शाळेत वतात रे. तू घराच बस."