गळकी नळी

आमच्या सरांइतका गळतीवर जीव लावणारा माणूस उभ्या सांगलीत सापडला नसता. सर मूळचे जतचे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ मागच्या खोलीत तांबं, जस्त आणि आणखी कसकसले धातू एकत्र करून त्यांची पूड बनवायचे. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनसोबत त्या पुडीवरून गेला की त्याचं मिथेनॉल, म्हणजे जळण, व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. पूड दोन दिवसांत थकायची. तीही त्यांच्याच्यानं टाकवत नसे. कागदात बांधून, वर तारीख घालून कपाटात ठेवायचे. "लय राबल्यात बिचाऱ्या," म्हणायचे. लग्नाचं कुणी काढलंच तर उत्तर ठरलेलं, "आदी तांब्या-जस्ताचं टिकू द्या."

माझं लेथचं वर्कशॉप, त्यामुळे पुडीवरून वायू सोडणाऱ्या यंत्राच्या नळ्यांची जोडणी माझीच. दर रविवारी सरांचा फोन, "आवं मिस्त्री, गळतंय बगा." मी जाऊन जोडाला साबणाचा फेस लावायचो, बुडबुडे दिसले की नट आवळायचो. काम पाच मिनिटांचं. पुढे चहा, भडंग आणि दुपारभर धातूंचं पुराण. बायको गेल्यापासून मलाही रविवार खायला उठायचा, तेव्हा तक्रार कसली करणार?

एकदा लक्षात आलं, गळते ती नेहमी कार्बन डायऑक्साइडची नळी. हायड्रोजनची कधीच नाही, कारण ती गळली तर भडका उडेल. नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते आणि पाना सरांच्या खिशात. त्या दिवशी मी नट जरा सैलच ठेवला.

मग लागोपाठ दोन रविवार फोन आला नाही. सर आजारी पडले की काय, म्हणून धावत गेलो. नवी पूड नऊ दिवस न थकता चालली होती, बाटलीत थेंब थेंब मिथेनॉल पडत होतं. एवढं यश, आणि सर स्टुलावर एकटेच, हातात पाना धरून. टेबलावर दोन कप, दोन्ही कोरडे.

"गळत न्हाई मिस्त्री," ते चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "नट सैल केला तर सगळं वाया जाईल. मग फोन कशाच्या नावानं करू?"

"चहाच्या नावानं करायचा की, सर!"

सरांनी पाना खाली ठेवला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

आता ते यंत्र दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे, सरही तिकडेच. रविवारी मीच फोन करतो. विचारतो, "गळतंय का, सर?"

"न्हाई वो," ते म्हणतात. मग तिकडे त्यांच्या चहाचा कप वाजतो, इकडे माझ्या.